स्पॅनिश भाषिकांशी ओळख आणि विश्वास : आपल्या मंडळींसाठी थोडी माहिती



मंडळाच्या कार्यक्रमांत चहाच्या वेळी एक विषय हल्ली वारंवार निघतो. कोणाची टीम मेक्सिकोत आहे, कोणाचा क्लायंट माद्रिदचा आहे. कोणाच्या मुलीची शाळेतली जिवलग मैत्रीण कोलंबियाची आहे, तर कोणाच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या बाई इक्वेडोरच्या आहेत. "लोक फार प्रेमळ आहेत हो, पण सूर जुळता जुळत नाही," अशी तक्रार ऐकू येते. आम्ही एजवेअर आणि बर्न्ट ओक भागातली काही मराठी कुटुंबे, बहुतेक आयटीतली. या लोकांबरोबर काम करताना आणि शेजारी राहताना आम्ही चुका केल्या, त्यातून थोडे शिकलो. ते सगळे एका ठिकाणी असावे म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्या सर्वात मोठ्या चुकीपासून करतो.

आमची चूक

एका प्रोजेक्टमध्ये आम्ही लंडनला होतो आणि सहा जणांची टीम कोलंबियात, बोगोटाला. आम्ही अगदी शिस्तीत काम सुरू केले. रोज अर्धा तास कॉल. कॉल सुरू झाला की लगेच पहिला मुद्दा. सापडलेल्या चुकांची शीट दर सोमवारी सगळ्यांना, त्यांच्या मॅनेजरला सीसी करून. तिकडून रोज उत्तर यायचे, "तोदो ब्येन", म्हणजे सगळे ठीक आहे. आम्ही खूश!

गो-लाइव्हच्या शनिवारी कळले की एक महत्त्वाचा इंटरफेस तयारच नाही. तो वेळेत होणार नाही हे तिकडच्या लोकांना दोन आठवडे आधी माहीत होते. गो-लाइव्ह महिनाभर पुढे गेले आणि दोन्हीकडच्या लोकांनी बोलणी खाल्ली. नंतर त्यांच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ इंजिनिअरला आम्ही विचारले, "आधी का नाही सांगितले?" तो म्हणाला, "तुम्ही आमच्याशी कधी बोललातच नाही. तुम्ही शीट पाठवत होतात."

त्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. त्याची आई त्याच काळात आजारी होती, हेही आम्हाला तेव्हाच कळले. गावाकडे आजी शेजारी विरजण मागायला गेली तरी आधी ओटीवर बसून घरादाराची चौकशी करायची, मग वाटी पुढे करायची. हे सगळे आपल्याला माहीत असते. पण इंग्लंडच्या ऑफिसात दहा वर्षे काढली की आपण ते विसरतो, आणि मग ज्या माणसांना तेच हवे असते त्यांच्याशीही 'टू द पॉइंट' बोलतो. या लेखाचे सार एवढेच आहे. आता तपशील.

हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण?

'हिस्पॅनिक' हा शब्द मुख्यतः अमेरिकेतला, तिथल्या जनगणनेमुळे रूढ झालेला. त्याचा अर्थ स्पॅनिश भाषेशी नाते असलेले लोक. 'लॅटिनो' म्हणजे लॅटिन अमेरिकेतले. ब्राझीलचे लोक पोर्तुगीज बोलतात, म्हणून ते लॅटिन अमेरिकन असले तरी हिस्पॅनिक नाहीत. उलट स्पेनचा माणूस स्पॅनिश बोलतो, पण स्वतःला लॅटिनो म्हणत नाही. सुमारे वीस देशांत स्पॅनिश ही अधिकृत भाषा आहे, आणि त्या देशांत आपापसांत महाराष्ट्र, पंजाब आणि तामिळनाडू यांच्याइतका फरक आहे. लंडनमध्ये कोणी स्वतःची ओळख 'हिस्पॅनिक' अशी सहसा करून देत नाही; "मी कोलंबियाचा", "मी पेरूची" असेच सांगतात. तोच शब्द आपणही वापरावा.

स्पेनमध्येसुद्धा बार्सिलोनाकडच्या माणसाला आपल्या कातालान भाषेचा आणि बिल्बाओकडच्या माणसाला बास्क भाषेचा अभिमान असतो. "तुम्ही सगळे हिंदीच बोलता ना?" असे कोणी विचारले की आपल्याला कसे वाटते ते आठवावे.

लंडनमधले लॅटिन अमेरिकन

१९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाला. त्यानंतर तिथून बरेच निर्वासित ब्रिटनला आले. पुढे कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया, पेरू अशा देशांतून लोक येत गेले. २००८ च्या मंदीनंतर स्पेनमध्ये नोकऱ्या गेल्या, तेव्हा तिथे स्थायिक झालेले अनेक लॅटिन अमेरिकन स्पॅनिश पासपोर्टवर लंडनला आले. म्हणजे त्यांचे हे दुसरे स्थलांतर. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये 'नो लाँगर इनव्हिजिबल' नावाचा अहवाल काढला. त्यात लंडनमधल्या लॅटिन अमेरिकन लोकांची संख्या (ब्राझीलसह) सुमारे १ लाख १३ हजार धरली होती. शिकलेली माणसे इथे भाषेअभावी आपल्या पात्रतेपेक्षा खालची कामे करतात, हेही त्या अहवालाने दाखवले.

हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. आमच्या एका ऑफिसात संध्याकाळी सफाईला येणाऱ्या बाईंशी आम्ही दोन वर्षे फक्त 'हॅलो' आणि 'थँक यू' एवढेच बोललो. एकदा ट्रेन बंद म्हणून उशिरापर्यंत थांबलो, तेव्हा कळले की त्या त्यांच्या देशात पंधरा वर्षे अकाउंटंट होत्या. दोन वर्षांत आम्ही त्यांचे नावही विचारले नव्हते.

एजवेअरहून नॉर्दर्न लाइनची बँकमार्गे जाणारी ट्रेन थेट एलिफंट अँड कॅसलला जाते. तिथल्या जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये लॅटिन अमेरिकन दुकानांची मोठी वस्ती होती. ते सेंटर सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि पुढे पाडले गेले. काही दुकाने आसपास हलली. उत्तरेला सेव्हन सिस्टर्सच्या बाजारालाही तशीच ओळख मिळाली होती. त्या जागी नवी इमारत बांधण्याची योजना व्यापाऱ्यांनी अनेक वर्षे लढून रोखली आणि २०२१ मध्ये बिल्डरने माघार घेतली. पोर्टोबेलो रोडवर स्पेन सरकारची शाळा आहे. किलबर्नला लॅटिन अमेरिकन हाउस ही संस्था आहे. नव्या ओळखीत एलिफंट किंवा सेव्हन सिस्टर्सचा विषय निघाला की चेहरा लगेच खुलतो, असा आमचा अनुभव आहे. आपल्याशी कोणी दादरबद्दल बोलले तर आपले होते तसेच.

नाव नीट घ्या

विश्वासाची पहिली पायरी नावाची. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात. पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. आपण शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे धरतो आणि चुकतो. उदा. लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस. 'गार्सिया' हे त्यांच्या वडिलांचे आडनाव, 'मार्केस' आईचे. त्यांना 'गार्सिया मार्केस' म्हणतात, नुसते 'मार्केस' नव्हे. याला अपवादही असतात. चित्रकार पिकासोचे पूर्ण आडनाव रुईस पिकासो, पण तो आईच्या आडनावानेच ओळखला गेला. म्हणून विचारून घेणे उत्तम.

बायका लग्नानंतर सहसा आडनाव बदलत नाहीत. त्यामुळे नवरा, बायको आणि मुले यांची आडनावे वेगवेगळी दिसतात. शाळेच्या यादीत असे दिसले म्हणून काही तर्क बांधू नये!

टोपणनावेही भरपूर. फ्रान्सिस्कोचा पाको, होसेचा पेपे, इग्नासिओचा नाचो, ग्वादालूपेची लूपे. आपल्याकडे ज्ञानेश्वरचा माऊली होतो तसे. घरचे लोक एकमेकांना प्रेमाने 'गोर्दो' (जाड्या) किंवा 'फ्लाको' (काड्या) म्हणतात, पण ती मुभा घरच्यांना असते.

तू की तुम्ही?

या बाबतीत मराठी माणूस इंग्रज माणसाच्या फार पुढे आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे आपला तू (अगदी तोच उच्चार!) आणि 'उस्तेद' म्हणजे तुम्ही किंवा आपण. 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनातून आला आहे. अरे-तुरे करण्याला त्यांच्याकडे 'तुतेआर' असे स्वतंत्र क्रियापदच आहे. "अहो काय म्हणता, अरे-तुरे करा ना," असे आपण म्हणतो, तसे तेही म्हणतात.

ढोबळ नियम असे :

- वयाने मोठी माणसे, मित्राचे आईवडील, अधिकारी, नवी ओळख : उस्तेद.
- स्पेनमध्ये फार लवकर 'तू'वर येतात. तिथे समवयस्क सहकाऱ्याला सारखे उस्तेद म्हटले तर दुरावा वाटतो.
- बोगोटा आणि आसपासच्या भागात मित्रांमध्ये, नवरा-बायकोतसुद्धा 'उस्तेद' ऐकू येतो. तो दुरावा नव्हे, तिथली रीतच तशी.
- आर्जेन्टिना आणि उरुग्वेमध्ये 'तू'च्या जागी 'वोस' म्हणतात.

शंका असेल तर उस्तेदपासून सुरुवात करावी आणि समोरच्याने मोकळीक दिली की तूवर यावे. वडीलधाऱ्यांना पहिल्या नावामागे 'दोन' किंवा 'दोन्या' लावतात. दोन होसे, दोन्या मारिया. आपले गणपतराव, शांताबाई तसेच हे : आदरही आणि जवळीकही.

आधी माणूस, मग काम

आमच्या त्या प्रोजेक्टमध्ये नंतर आम्ही तीनच गोष्टी बदलल्या.

१. कॉलची पहिली दहा मिनिटे कामाचे काही बोलायचे नाही. "ई ला फामिलिया?" म्हणजे घरचे कसे आहेत, इथून सुरुवात. आणि मागच्या वेळी सांगितलेले लक्षात ठेवायचे. आईचे ऑपरेशन झाले का, मुलीची परीक्षा कशी गेली. नुसते विचारून पुढच्या स्लाइडवर जाणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

२. आपलेही काही सांगायचे. हा भाग आम्हा इंजिनिअर लोकांना जड जातो. पण आपण फक्त प्रश्न विचारले तर ती मुलाखत होते. आमच्या घरी गणपती बसले तेव्हा आम्ही फोनवरून आरास दाखवली, तर सहाही जण कॅमेऱ्यासमोर आले आणि अर्धा तास मोदकांवर चर्चा झाली.

३. चूक दाखवायची ती एकट्याला, आवाजी फोनवर. चारचौघांत, तेही वरिष्ठांसमोर चूक दाखवणे हा तिकडे मोठा अपमान धरतात. आपल्याकडे काय वेगळे आहे? सगळ्यांना जाणाऱ्या मेलमध्ये फक्त जे चांगले झाले ते लिहायचे.

दोन महिन्यांनी एका रात्री त्याच ज्येष्ठ इंजिनिअरचा फोन आला. "हे अजून कोणाला सांगितले नाही, पण पुढच्या महिन्याची तारीख जमणार नाही." तारीख पुढे गेलीच, पण या वेळी सहा आठवडे आधी कळले, आणि कोणाला बोलणी खावी लागली नाहीत. आमच्या मते विश्वास म्हणजे हेच. वाईट बातमी वेळेवर कळणे.

'हो' म्हणजे काय आणि 'बघू' म्हणजे काय

स्पष्ट 'नाही' म्हणणे तिकडे बऱ्याच ठिकाणी उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी 'वामोस आ वेर' असे म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'बघूया'! मराठी माणसाला याचे भाषांतर करून सांगायला नको. लग्नाच्या बोलणीत "बघू, कळवतो" म्हणजे काय ते आपल्याला पक्के माहीत असते. इंग्रज मॅनेजर मात्र त्याला होकार समजतो.

'सी दिओस किएरे' म्हणजे देवाच्या मनात असेल तर. मेक्सिकोत 'आओरिता' हा शब्द फार ऐकू येतो. 'आओरा' म्हणजे आत्ता, आणि 'आओरिता' म्हणजे अगदी आत्ता. पण प्रत्यक्षात पाच मिनिटे, दोन तास किंवा कधीच नाही, यातले काहीही असू शकते. आपले "हा काय, निघालोच" तसे.

म्हणून "शुक्रवारपर्यंत होईल ना?" असे विचारू नये, उत्तर 'सी' म्हणजे 'हो' असेच येणार. "शुक्रवारपर्यंत करायचे तर काय काय लागेल?" असे विचारावे. मग अडचणी आपोआप बाहेर येतात.

वेळ

गंमत म्हणजे अनेक लॅटिन अमेरिकन देशांत वक्तशीरपणाला 'इंग्रजी वेळ' असे म्हणतात, आणि त्यांचा-आपला मुक्काम तर इंग्लंडातच! आपल्या 'इंडियन स्टँडर्ड टाइम'च्या विनोदाला तिकडे लगेच दाद मिळते.

ऑफिसच्या कामाला बहुतेक जण वेळेवर येतात. प्रश्न येतो तो घरगुती कार्यक्रमात. आमच्याकडच्या एका वाढदिवसाला कोलंबियन कुटुंब सव्वा तास उशिरा आले. आमची चिडचिड झाली, कारण हॉल साडेसहापर्यंतच घेतला होता. पण तेच लोक शेवटपर्यंत थांबले, खुर्च्या उचलल्या, फरशी पुसली. वेळेवर आलेले बाकीचे पाहुणे केव्हाच गेले होते. तेव्हापासून निमंत्रणावर आम्ही हॉलची वेळ स्पष्ट लिहितो आणि घरचा कार्यक्रम असेल तर शेवटची वेळ लिहीतच नाही.

कॉल ठरवताना एक तांत्रिक सूचना. मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये घड्याळ पुढे-मागे करणे बंद केले, आणि कोलंबिया, पेरू, इक्वेडोर इथेही ती पद्धत नाही. त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबरअखेर लंडनचे घड्याळ बदलले की तिकडच्या लोकांच्या कॉलची वेळ एक तासाने सरकते. दर वर्षी त्यांनाच पहाटे उठवू नये.

जेवण

विश्वास मीटिंगमध्ये कमी आणि जेवणाच्या टेबलावर जास्त वाढतो. जेवण झाल्यावर तिथेच बसून गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. हात वाळले तरी उठायचे नाही, हे आपल्याला नवे नाही. जेवून लगेच "चला, निघतो" म्हटले तर यजमानाला रुखरुख लागते.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचे : 'कार्ने' म्हणजे मांस, पण बोलण्यात त्याचा अर्थ बहुधा गोमांस असा घेतला जातो. नुसते "बिन कार्ने" म्हटले तर पुढ्यात चिकन किंवा हॅम येऊ शकते. म्हणून चिकन (पोयो), हॅम (हामोन) आणि मासे (पेस्कादो) यांची नावे घेऊन सांगावे. आणि हे निमंत्रण मिळाल्याबरोबर सांगावे, ताट पुढे आल्यावर नको. "आमच्या घरची रीत आहे" म्हटले की कोणी वाईट वाटून घेत नाही. आजीच्या आणि देवाच्या नावाला तिकडे मोठा मान आहे.

आपण त्यांना बोलावले तर काय करावे? आमची शिफारस : साबुदाण्याची खिचडी. हसू नका! आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून बनतो, त्याला ते 'युका' म्हणतात, आणि तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचा, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला, मिरचीही अमेरिका खंडातली. म्हणजे आपल्या उपवासाच्या पदार्थातले चार मुख्य जिन्नस त्यांच्याकडून आलेले. मका, टोमॅटो, पपई, चिकू हेही तिकडचेच. हे सांगून वाढलेली खिचडी आमच्या कोलंबियन शेजाऱ्यांनी दोनदा मागून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात युकाच्या पिठाचे आणि चीजचे 'पान दे बोनो' नावाचे पाव घेऊन आले.

शब्दांचीही अशीच गंमत आहे. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले पगार, पाद्री, साबण, चावी, पाव हे शब्द स्पॅनिशला जवळचे आहेत. 'पागार' म्हणजे पैसे देणे, 'पाद्रे' म्हणजे वडील किंवा धर्मगुरू, 'हाबोन' म्हणजे साबण.

सण आणि आठवणी

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला 'दिया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस असतो. गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुले मांडतात. बाहेरच्या लोकांना कवट्यांची सजावट तेवढी दिसते आणि ते त्याला हॅलोवीन समजतात. आपल्याला पितृपक्ष आठवावा. आजोबांना आवडायची म्हणून केलेली खीर आठवावी. आणि दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. या दिवसांत घरातल्या गेलेल्या माणसाबद्दल आपुलकीने विचारले तर ते त्यांना आवडते.

राष्ट्रीय दिनाच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात, पण दिवस बरोबर हवा. कोलंबिया २० जुलै, पेरू २८ जुलै, बोलिव्हिया ६ ऑगस्ट, इक्वेडोर १० ऑगस्ट, मेक्सिको १६ सप्टेंबर. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही. तो १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईचा दिवस आहे.

हे टाळा

- कोलंबियाच्या माणसाशी अमली पदार्थांचे विनोद. टीव्हीवरच्या मालिकांमुळे सगळे हेच बोलतात आणि त्यांना त्याचा वीट आला आहे. ज्यांच्या घरातली माणसे त्या हिंसाचारात गेली त्यांना तर ते लागते.
- पहिल्याच भेटीत व्हिसा, पगार, 'इथे कसे आलात' हे प्रश्न. काहींच्या कागदपत्रांची कहाणी अवघड असते.
- आपण 'इंदिओ' आहोत असे सांगणे. लॅटिन अमेरिकेत हा शब्द तिथल्या मूलनिवासी लोकांसाठी, पुष्कळदा तुच्छतेने वापरतात. भारतातून आलेल्या माणसाला ते 'इंदू' म्हणतात, मग तो मुसलमान असो की ख्रिश्चन. त्यात धर्माचा संबंध नसतो, गैरसमज नको.
- 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर! आमच्यातल्या एका पुरुषाने भर मीटिंगमध्ये स्वतःबद्दल हे सांगितले आहे.
- भेटताना गालाला गाल लावण्याची पद्धत आहे. स्पेनमध्ये दोन्ही गाल, लॅटिन अमेरिकेत बहुधा एक. संकोच वाटत असेल तर हसून हात पुढे करावा. मागे सरकू नये, ते टोचते.

आपला एक माणूस आधीच गेला होता

हे सगळे करणारा एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. क्रांतिकार्यासाठी देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत होते. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतण्याची वाट बंद झाली आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. (त्याच वर्षी आपले एजवेअरचे ट्यूब स्टेशन सुरू झाले.) चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मका आणि गहू यांवर संशोधन केले, स्पॅनिशमधून लिहिले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. तीना मोदोत्ती या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर टेबलाभोवती भाकरीसाठी बसलेली माणसे रंगवली, त्यात खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७ मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

त्यांच्याजवळ ना पासपोर्टची ताकद होती ना पैशाची. त्यांनी तिथली भाषा आणि तिथले पीक आपले मानले. रिव्हेराने त्यांना प्रयोगशाळेत नाही, जेवणाच्या टेबलावर बसवले, हे आम्हाला फार बोलके वाटते. मेक्सिकन सहकाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगा. आम्ही सांगितली तेव्हा त्याने तो पुतळा बघायला जायचे कबूल केले. 'आओरिता' म्हणाला आहे, बघू!

पाठ करण्याजोगे काही शब्द

स्पॅनिश त आणि द हे आपल्यासारखेच दंत्य आहेत, त्यामुळे मराठी माणसाचा उच्चार इंग्रज माणसापेक्षा चांगला होतो. 'ह' चे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत.

- ओला : नमस्कार
- मूचो गूस्तो : भेटून आनंद झाला
- कोमो एस्ता? : कसे आहात? (उस्तेदसाठी)
- ई ला फामिलिया? : घरचे कसे आहेत?
- ग्रासियास : आभारी आहे (स्पेनच्या बऱ्याच भागात ग्राथियास)
- कोन पेर्मीसो : जरा वाट देता का, येऊ का
- ब्वेन प्रोवेचो : सावकाश जेवा
- सालूद : कोणी शिंकले की
- लो सिएन्तो : वाईट वाटते, माफ करा
- नो से प्रेओकूपे : काळजी करू नका
- ओहाला : तसे होवो
- नोस वेमोस : भेटूच

उच्चार चुकला तरी बोलावे. कोणी हसलेच तर प्रेमाने हसेल.

शेवटी, वर लिहिलेले सगळे प्रत्येकाला लागू पडेल असे नाही. वेळेवर येणारे मेक्सिकन आणि तोंडावर 'नाही' म्हणणारे स्पॅनिश आम्हाला भेटले आहेत. माणूस समोर असेल तेव्हा ही यादी बाजूला ठेवून त्यालाच विचारावे. तुमच्या ऑफिसात आज संध्याकाळी जो कोणी कचऱ्याची पेटी रिकामी करायला येईल, त्याचे नाव विचारून सुरुवात करता येईल.

आपले अनुभव मंडळाच्या समितीकडे जरूर कळवा. चूकभूल द्यावी घ्यावी.

नोस वेमोस!